सुकणाऱ्या पाण्याच्या रेघा

सोमवार, ८ जानेवारी

रेघा आल्या!

आधी सगळं नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही. सकाळी प्रयोगशाळेत गेले, भांड्यातली काचपट्टी चिमट्याने उचलली, खिडकीकडे धरली, तर तिच्यावर रंग चमकले. साबणाच्या फुग्यावर असतात तसे. म्हटलं, बोटांचं तेल-बिल लागलं असेल. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि बघते तर रेघा! आडव्या, सरळ, एकीखाली एक. शाळेत मार खाऊनही मला अशा रेघा कधी काढता आल्या नव्हत्या. मी अशी काही ओरडले की शेजारच्या खोलीतून तराजू धावत आला. त्याला वाटलं, मी पुन्हा हात भाजून घेतला.

तराजू म्हणजे आमच्या संस्थेतले वजनकाटे आणि सूक्ष्मदर्शक सांभाळणारा शास्त्रज्ञ. सगळं मोजूनमापून करतो, बोलतोसुद्धा मोजून, म्हणून सगळे त्याला तराजू म्हणतात. खऱ्या नावाने हाक मारली तर तोच वळून बघणार नाही. दारातून वाकून आत येतो इतका उंच. त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. एकेक रेघ बघत गेला. मग म्हणाला, "या तू काढल्यास?"

"मी कुठे! पाण्याने काढल्या."

"पण पाणी तू ठेवलं होतंस."

असं बोलतो तो. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि सरांकडे पळाले.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. बाबांनी आयुष्यभर शिंपीकाम केलं, अजूनही शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कपडे बसल्या बसल्या दुरुस्त करून देतात. त्यांना म्हटलं, "सांडलेल्या चहाचा डाग आठवा. मधे फिका, कडेला गडद. थेंबाची कड सगळ्यात पातळ असते, तिथलं पाणी पटापट उडून जातं. ती भरून काढायला मधलं पाणी कडेकडे धाव घेतं आणि जाताना चहाचा रंगही ओढून नेतं."

"बरं मग?"

"माझ्या भांड्यात चहाऐवजी अगदी बारीक मणी आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत इतके. पाणी नुसतं जरा दुधाळ दिसतं. त्यात काचपट्टी उभी करून ठेवायची. पाणी काचेला जिथे टेकतं ना, तिथे मणी येऊन गर्दी करतात आणि पाण्याचा काठ तिथेच अडकतो. खालचं पाणी मात्र आटतच असतं. काठ ताणला जातो, ताणला जातो, मग एकदम सुटतो आणि खाली जाऊन पुन्हा अडकतो. जिथे जिथे अडकला, तिथे तिथे मण्यांची एक रेघ."

बाबांनी दाताने दोरा तोडला. "म्हणजे पाणी टाके घालत खाली उतरतं."

मी वीस मिनिटं सांगत होते ते त्यांनी एका वाक्यात उरकलं.

गुरुवार, ११ जानेवारी

लागोपाठ तीन दिवस, तिन्ही पट्ट्यांवर रेघा! मी तर हवेतच आहे. सर नेहमीसारखे, "घाई नको, घाई नको." त्यांचंही खरं आहे. आईच्या आजारपणात मी संशोधन सोडलं, त्यानंतर कित्येक वर्षं नुसत्या शिकवण्या घेतल्या. सरांनी जुनी विद्यार्थिनी म्हणून मला परत घेतलं, तेही एका वर्षासाठी. फेब्रुवारीअखेर समिती येणार आहे. माझी खोली मला ठेवायची, की काचेवर रेघा कोरणारं ते मोठं यंत्र घेऊन तिथे बसवायचं, ते समिती ठरवेल. यंत्राला रेघा येतात यात काही शंकाच नाही. पण त्याची एक पट्टी व्हायला केवढा तरी खटाटोप. माझं पाणी फुकटात काम करतं आणि कुरकुरही करत नाही.

रेघा कशाला, तर समोरच्या डोळ्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना हव्या आहेत. डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा खराब झालेले कितीतरी लोक त्यांच्याकडे येतात, आणि बदलून बसवायला पडदे मिळत नाहीत. म्हणून बाई पडद्याच्या पेशी काचेवर वाढवून बघतात. पण सपाट काचेवर त्या वाटेल तशा पसरतात, आणि तयार होणारं पेशींचं आवरण धुरकट निघतं. पेशींना रांगेत बसायला रेघा मिळाल्या तर ते स्वच्छ निघेल, असा बाईंचा अंदाज आहे. अजून नुसता अंदाजच. पण बाई तो सांगत होत्या तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

आता कुणी खोडी करू नये म्हणून भांड्याजवळ ठळक अक्षरांत पाटी लावली: या भांड्याला कुणीही हात लावू नये.

तराजूने पाटी वाचली. "कुणीही म्हणजे?"

"तूसुद्धा."

"बरं," म्हणाला, आणि भांड्यापासून दोन पावलं मागे सरकला. वाईट वाटलं असेल का? नसेल. त्याला नियम आवडतात.

बुधवार, १७ जानेवारी

आज फजिती. डॉक्टरबाईंच्या पोषणद्रवात पट्टी बुडवली आणि माझ्या सगळ्या रेघा वाहून गेल्या! बाई म्हणाल्या, "पावडर धुवावी तशा गेल्या गं." रडूच यायचं बाकी होतं. दुपारभर डोकं खाजवलं. मग सुचलं, मणी प्लॅस्टिकचेच तर आहेत, भट्टीत हलके तापवले तर एकमेकांना आणि काचेला चिकटून बसतील. जास्त तापवले तर वितळून सगळं सपाट होईल. किती तापवायचं ते ठरवायला तराजूने त्याच्या खोलीतली चांगली भट्टी दिली. स्वतःचं काम बाजूला ठेवून संध्याकाळपर्यंत बसला. तिसऱ्या खेपेला जमलं. आता नळाखाली धरली तरी रेघ हलत नाही!

एवढं झाल्यावर मी घरी आले आणि किल्ल्या तिथेच विसरले. तराजू त्या द्यायला घरी आला. वाट वाकडी करून आला, माणूस चांगला आहे. बाबांचं लक्ष त्याच्या कोटाच्या बाह्यांकडे. त्या मनगटाच्या वरच संपतात. बाबांना असलं बघवत नाही. त्यांनी लगेच टेप काढून त्याचं माप घेतलं, चहा दिला, घरी कोण कोण असतं ते विचारलं. तो गेल्यावर मला म्हणाले, "खांदे सरळ आहेत. मापाला बरा आहे."

"बाबा, कोटाच्या बाह्या वाढवायच्या आहेत, कोट शिवायचा नाहीये."

"मी कोटाचं कुठे म्हणालो?" असं काहीतरी पुटपुटले आणि मशीनवर बसले. त्यांना पुन्हा पूर्ण वेळ काम सुरू करायचंय की काय कोण जाणे.

मंगळवार, २३ जानेवारी

डॉक्टरबाईंना पक्क्या केलेल्या सहा पट्ट्या दिल्या. त्यांनी त्यांवर पेशी सोडल्या. आता वाट बघायची. हे वाट बघणं माझ्याच्याने होत नाही. आज दोनदा रस्ता ओलांडून गेले, तर बाईंनी दारातूनच हाकलून दिलं. "अगं, त्यांना जरा टेकू तरी दे!"

तराजू उद्यापासून काही दिवस बाहेरगावी जाणार आहे. कशासाठी ते विचारायचं राहूनच गेलं, मी त्याला भट्टीचं सांगत होते. तो रोज माझ्या आधी आलेला असतो आणि माझ्यानंतर जातो. वजनकाट्यांना एवढं काय करायचं असतं देव जाणे. जरा सुट्टी मिळेल त्याला.

सोमवार, २९ जानेवारी

रेघा गेल्या.

चार दिवस झाले. रोज सकाळी पट्टी उचलते आणि तिच्यावर नुसते डाग. कुठे जाड थर, कुठे भेगा, कुठे काहीच नाही. मणी तेच, काच तीच, भांडं तेच, हात माझेच. आधी वाटलं साबण. साबण बदलला. मग वाटलं नव्या पाकिटातली काच. जुन्या पाकिटातली शेवटची पट्टी काढली, तिच्यावरही डाग. मग पाण्यावर संशय. पाणी तीनदा गाळून घेतलं. काही नाही.

सर म्हणाले, "आधीचे निकाल योगायोगाने आले असतील का, याचा विचार कर." त्यांनी ते अगदी मायेने म्हटलं, म्हणूनच जास्त लागलं.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "तो उंच पोरगा गेल्यापासून बिघडलंय म्हणजे."

"बाबा, प्लीज. हे विज्ञान आहे."

शुक्रवार, २ फेब्रुवारी

आल्या! पुन्हा आल्या! पाणीच होतं! परवा दुसऱ्या विभागातून नवं पाणी आणलं होतं, आज रेघा पूर्वीसारख्या लख्ख. सरांना सांगून टाकलं, जुन्या पाण्यात काहीतरी होतं. सरांनी विचारलं, काय होतं? म्हटलं, शोधते.

तराजू परत आलाय, कालच. बाह्या वाढवलेला कोट घालून फिरतोय. मी त्याला नवं पाणी दाखवलं. त्याने बाटली प्रकाशात धरली आणि म्हणाला, "दिसायला तर सारखंच आहे."

"दिसायला सगळंच सारखं असतं," मी ऐटीत म्हणाले.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

जुन्या पाण्यातही रेघा आल्या. म्हणजे कारण पाणी नव्हतं. मग काय होतं?

चिडचिड, चिडचिड, चिडचिड. काही समजत नसताना यश आलं तर अपयशापेक्षा वाईट वाटतं, हे आज कळलं. समितीपुढे काय सांगू? लहर आली की येतात म्हणून?

उद्या लवकर जाते. पाण्याचा काठ उतरताना स्वतः बसून बघते.

बुधवार, ७ फेब्रुवारी

आजचं सगळं लगेच लिहून ठेवते.

सकाळी संस्थेचं फाटक नुकतंच उघडलं होतं. माझ्या खोलीचं दार लोटलेलं. आत तराजू, माझ्या टेबलापाशी, दोन्ही हातांत काचेचा मोठा वाडगा. त्याने मला पाहिलं आणि तसाच थिजला, वाडगा हवेत.

"काय करतोयस?"

"झाकण काढतोय."

"कसलं झाकण?"

तो लाल झाला. कानसुद्धा लाल. "धूळ बसते गं. खिडकीची फट बुजत नाही, आणि वरच्या जाळीतून रात्रभर वारा येतो. तू एवढी मेहनत करतेस आणि त्यात कचरा पडायचा. म्हणून संध्याकाळी जाताना वाडगा उपडा ठेवतो आणि सकाळी तू यायच्या आत काढतो. भांड्याला हात नाही लावला हां. पाटी वाचली होती. फक्त वरून झाकलं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

मी खुर्चीवर बसले. मग एकदम उसळले. महिनाभर मी जे जे लिहून ठेवलं ते सगळं चुकीचं! साबण, काच, पाणी, कुठल्या कुठे भटकत होते मी, आणि हा वाडगा ठेवत होता! मी तोंडाला येईल ते बोलले. तो निमूट ऐकून घेत होता. "सांगायला हवं होतं," एवढंच म्हणाला. "मला वाटलं तू रागावशील."

"मग आता काय करतेय मी!"

आणि ओरडता ओरडताच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो नव्हता तेव्हा झाकण नव्हतं. झाकण नव्हतं म्हणून वारा लागला, पाणी भराभर आणि धसमुसळेपणाने उडालं, काठाला धड अडकता आलं नाही की धड सुटता आलं नाही. झाकण असलं की आतली हवा दमट आणि शांत. पाणी सावकाश जातं, काठ सवडीने अडकतो, सवडीने सुटतो. साबण नाही, पाणी नाही, हवा! हवेकडे मी बघितलंच नव्हतं!

मी त्याचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले. त्याच्या हातात वाडगा होता. तो फुटला. आम्ही दोघं हसत सुटलो. झाडूवाल्या मावशी दारात येऊन बघत राहिल्या.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

हा आठवडा मला कायमचा बाटलीत भरून ठेवावासा वाटतोय.

वाडग्याखाली काचेच्या चकत्या ठेवून फट कमी-जास्त करायची. फट बदलली की रेघांमधलं अंतर बदलतं! आता आम्हाला हव्या त्या अंतराच्या रेघा मिळतात. दाट हव्या, दाट घ्या. विरळ हव्या, विरळ घ्या. बाबा म्हणाले, "गिऱ्हाइकाच्या मापाने." अगदी तसंच!

दिवसभर तराजू आणि मी एका टेबलावर. तो फट मोजतो, मी पट्ट्या उचलते. आज जेवायलाच विसरलो. आठवण झाली तेव्हा त्याच्या डब्यात दोघांपुरतं होतं. म्हणाला, आज चुकून जास्त भरलं. तराजूच्या हातून जास्त भरलं जातं म्हणजे नवलच!

गुरुवार, १५ फेब्रुवारी

तराजूला मोठ्या संस्थेत नोकरी मिळाली. दूरच्या शहरात, सगळ्या उपकरणांचा प्रमुख म्हणून. जानेवारीत तो मुलाखतीलाच गेला होता. जिन्यात थांबवून त्याने मला सांगितलं, आणि विचारलं, "तुला काय वाटतं? घेऊ?"

"घेऊ म्हणजे काय? घेच! असली संधी पुन्हा येते का?" मी त्याला फायदे मोजून दाखवले. नवी उपकरणं, मोठा हुद्दा, हाताखाली माणसं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बरं," म्हणाला.

मला त्याच्यासाठी खूप आनंद झालाय. खरंच.

घरी येऊन बाबांवर उगाच खेकसले, भाजीत मीठ कमी आहे म्हणून. भाजी मीच केली होती. झोप कमी पडतेय बहुतेक.

बुधवार, २१ फेब्रुवारी

डॉक्टरबाईंचा फोन. फक्त एवढंच म्हणाल्या, "ये."

मी रस्ता कसा ओलांडला आठवत नाही. बाईंनी दिवा मंद केला आणि मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. आधी सपाट काच दाखवली. पेशी इकडेतिकडे, एकमेकींच्या अंगावर, बाजारातल्या गर्दीसारख्या. मग त्यांनी माझी पट्टी सरकवली.

रांगा. लांबट, सडपातळ पेशी रेघांच्या दिशेने निजलेल्या, एकीच्या टोकाला दुसरी, या कडेपासून त्या कडेपर्यंत. जिवंत आहेत त्या! कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. मण्यांची ती एवढीशी धार त्यांनी चाचपली असेल आणि तिच्या कडेने अंग लांब केलं असेल.

बाई एरवी फार बोलत नाहीत. आज म्हणाल्या, "सतरा वर्षं बघतेय मी या पेशी. इतक्या शहाण्यासारख्या कधी वागल्या नव्हत्या." मग डोळे पुसले आणि मलाच दटावलं, "रडू नकोस, भिंगावर पडेल."

परत रस्ता ओलांडला तो थेट तराजूच्या खोलीत. सरांना अर्ध्या तासाने सांगितलं. सर म्हणाले, मला आधी सांगायला हवं होतंस. हो की! ते माझ्या लक्षातच आलं नाही.

बुधवार, २८ फेब्रुवारी

समिती आली आणि गेली.

मी बोलले, चांगली बोलले असं वाटतं. डॉक्टरबाईंनी पेशींची चित्रं दाखवली तेव्हा सगळे खुर्च्या पुढे ओढून बघायला लागले. मग जाड चष्म्याचे एक वयस्क सदस्य म्हणाले, "सुंदर आहे. पण हे तुमच्या खोलीत, तुमच्या वाडग्याखाली, तुमच्या हातून झालं. दुसऱ्या कुणाच्या खोलीत होईल का? नाही झालं तर ती कला म्हणायची, पद्धत नाही."

ते बरोबर बोलले, हेच मला झोंबलं. मार्चअखेरपर्यंत मुदत आहे. कुठल्याही दुसऱ्या प्रयोगशाळेत, माझा हात न लागता, रेघा यायला हव्यात. नाही आल्या तर खोली यंत्राला.

मी जागच्या जागी उडाले! कारण उत्तर माझ्या शेजारीच बसलं होतं. "तू शनिवारी जातोच आहेस! तिकडे करून बघ! तुझ्याहून चांगला माणूस कुठे मिळणार? मी इथे, तू तिकडे, एकदम पक्का पुरावा!"

तराजूने माझ्याकडे बघितलं. "हो," म्हणाला. "ते आहेच."

त्याला आनंद व्हायला हवा होता. प्रवासाची काळजी असेल.

सोमवार, ४ मार्च

तराजू शनिवारी गेला. त्याच्या खोलीत आता एक नवा मुलगा बसतो, दार आपटतो.

मण्यांची बाटली, वाडगा आणि चकत्या त्याच्यासोबत दिल्यात. संध्याकाळी फोन आला. पोचला, खोली मिळाली, टेबल मिळालं, आज भांडं ठेवलं. म्हटलं, रोज फोन करून निकाल सांगायचा. शास्त्रीय शिस्त म्हणून.

मंगळवार, १२ मार्च

डाग. आठवडाभर नुसते डाग. तिकडे वाडगा आहे, फट तीच आहे, सगळं तेच आहे. मी फोनवर एकेक गोष्ट विचारते, तो एकेक गोष्ट सांगतो. काच कशी धुतलीस. भांडं कुठे ठेवलंस. खिडकी कुठल्या बाजूला. मग खिडकीतून काय दिसतं. मग जेवलास का, कुठे, कुणाबरोबर. एकटाच जेवतो म्हणे. शहर मोठं आहे, पण कुणाशी बोलावं असं कुणी नाही. आणि ओठ फुटलेत, मलम लावावं लागतं. काल फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं, पट्टीबद्दल आम्ही जेमतेम चार वाक्यं बोललो होतो.

माझ्या इथे रेघा रोज येतात. पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून काही वाटत नाही. थकवा असेल.

शनिवार, १६ मार्च

ओठ!

भाजी चिरताना सुचलं, सुरी हातात घेऊनच नाचले. बाबा दचकले. अहो, त्याचे ओठ फुटतायत! म्हणजे तिकडची हवा कोरडी ठणठणीत आहे! वाडग्याखाली शिरते ती हवाही कोरडीच. मग माझ्याएवढीच फट ठेवून कसं चालेल? पाणी तिकडे पळत सुटत असणार!

लगेच फोन लावला. त्याने उचलल्या उचलल्या मी ओरडले, "तुझे ओठ!"

 मग सावकाश आवाज आला, "काय?"

"तुझे ओठ फुटतात ना! हवा कोरडी आहे! वाडग्याखाली ओल्या कापसाचे बोळे ठेव, भांड्याच्या चारी बाजूंना!"

"हं," तो म्हणाला. "अच्छा. कापूस. ठेवतो."

बाबा गालात हसत होते. काय झालं विचारलं तर म्हणाले, काही नाही, भाजी करपतेय तेवढी बघ.

बुधवार, २० मार्च

आल्या! तिकडे आल्या!

त्याने फोनवर आधी अंतर सांगितलं, मोजून, तीन ठिकाणी. माझ्या रेघांशी तंतोतंत जुळतं. मग त्याचा आवाज जरा चढला. "अगं, सरळ आहेत! इकडच्या कडेपासून तिकडच्या कडेपर्यंत!" तराजूचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मी संस्थेच्या जिन्यात बसून त्याचं सगळं बोलणं ऐकलं, तो थांबेपर्यंत. बराच वेळ थांबला नाही.

सरांनी समितीला कळवलं. सदस्यांचं उत्तरही आलं. खोली राहिली! यंत्र वरच्या मजल्यावर जाईल. डॉक्टरबाईंनी लगेच आणखी पट्ट्या मागितल्या. बाबांनी शेजारच्या सगळ्यांना सांगितलं, त्यात एक गिऱ्हाईकही होतं, त्याची पँट शिवायची राहिली.

एवढा आनंद आणि मी संध्याकाळी घरी येताना चुकीच्या गल्लीत वळले. बाबांनी विचारलं, "चेहरा का असा?" म्हटलं, कळत नाही. ते म्हणाले, "कळेल की. तू हुशार आहेस. वेळ लागतो तुला, पण कळतं."

शनिवार, २३ मार्च

गाडीत लिहितेय, अक्षर हलतंय.

काल सरांना सांगितलं की तिकडच्या रेघा मला स्वतः बघायला हव्यात. सर म्हणाले, ठीक आहे, आठवडाभर जाऊन ये. बाबांनी पिशवी भरून दिली आणि कधी परतणार ते विचारलं नाही. "सावकाश ये," एवढंच.

मग तराजूला फोन केला. "मी येतेय."

"इकडे? का? काही बिघडलं?"

"नाही. रेघा बघायला."

"फोटो पाठवलेत की. सगळे."

"मिळाले."

  ऐकू येत होतं फक्त त्याच्या खोलीतलं काहीतरी, पंखा असेल.

"मी घ्यायला येतो," तो म्हणाला. "गाडी किती वाजता पोचते?"

मी वेळ सांगितली. चुकीची सांगितली, मग पुन्हा फोन करून बरोबर सांगितली. त्याने ती दोन्ही वेळा लिहून घेतली असणार.

बाहेर शेतं मागे जातायत. फोटो मी आतापर्यंत कितीतरी वेळा बघितलेत. रेघा अगदी स्वच्छ दिसतात, अंतर मोजता येतं, शेवटची बारीक रेघही सुटलेली नाही. प्रत्यक्ष बघून त्यांच्याबद्दल नवं काहीएक कळणार नाही.

हे मला काल तिकीट काढतानाही माहीत होतं.